इग्वानाचे पिल्लू घरी आले तर



घोरपड वऱ्हाडातल्या माणसाला नवी नाही. शेताचा बांध, जुने वारूळ, विहिरीची पडकी भिंत, कुठेतरी ती दिसतेच. पण तिच्याच आकाराचा इग्वाना नावाचा एक परदेशी प्राणी अलीकडे आपल्या देशात हौसेने पाळला जाऊ लागला आहे. त्याचे मूळ घर मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या दमट अरण्यात, नदीकाठच्या झाडांवर. पिल्लू वीतभर लांबीचे, पोपटी रंगाचे, दिसायला मोठे लोभस. म्हणून कोणी ते घेऊन येतो, आणि काही महिन्यांत ते मरते. ते का मरते आणि मरू नये म्हणून काय करायचे, हे आज पाहू.

पहिली गोष्ट अन्नाची. घोरपड किडे, उंदीर, खेकडे, अंडी खाते. इग्वाना मात्र निव्वळ शाकाहारी. "लहान आहे, अंगी लागेल" म्हणून त्याला अंडे किंवा मांस भरवले, तर त्याची मूत्रपिंडे बिघडतात. त्याला हवा पाला, आणि तो आपल्या दारातच आहे. शेवग्याची पाने, तुतीची पाने, जनावरांसाठी लावतो तो लसूणघास, जास्वंदाची पाने-फुले, आणि जोडीला किसलेला लाल भोपळा. सगळे धुऊन, बारीक चिरून रोज सकाळी द्यावे. पालक मात्र नेहमी देऊ नये. त्यातले ऑक्झॅलिक आम्ल चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते आणि तो अंगी लागू देत नाही. फवारणी केलेल्या शेतातला पाला तर चुकूनही नको.

दुसरी गोष्ट उन्हाची. पिल्ले दगावतात ती बहुधा इथेच. खाल्लेला चुना हाडांत मुरायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते इग्वानाच्या कातडीत उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होते. ऊन मिळाले नाही, की हाडे मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो. शेवटी पिल्लाला चालताही येत नाही. आता कोणी म्हणेल, "आमची पेटी तर खिडकीपाशीच आहे!" पण काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, नुसती उष्णता तेवढी आत येते. काचेची पेटी उन्हात ठेवणे म्हणजे पिल्लाला भट्टीत ठेवणेच बरं का. त्याऐवजी जाळीचा पिंजरा घ्यावा, त्याचा अर्धा भाग सावलीत ठेवावा आणि सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास द्यावे. घरात अतिनील दिवा लावला असेल, तर त्याचे किरण वर्षभरात क्षीण होतात, जरी तो डोळ्यांना जळताना दिसला तरी. म्हणून तो वेळेवर बदलावा.

तिसरी गोष्ट हवामानाची. इग्वाना स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करू शकत नाही. ऊन-सावलीत ये-जा करून तो ती सांभाळतो. पिंजऱ्याचे एक टोक ३५ अंशांपर्यंत उबदार आणि दुसरे २७-२८ अंशांवर असावे. अकोल्याचा मे महिना आपल्याला ठाऊकच आहे. पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत हवा. कूलरचा गारवा आणि ओलावा त्याला मानवतो, पण झोत थेट अंगावर नको. दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट काळजी घ्यायची. पारा १० अंशांच्या खाली गेला, की तो बधिर होऊन निपचित पडतो. चढायला लिंबाची जाड, खरबरीत फांदी आडवी बांधावी. झाडावरचा जीव आहे तो.

चौथी गोष्ट घरातल्यांच्या आरोग्याची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघरात नेऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू देऊ नये. त्याला शेपटीने तर कधीच उचलू नये. शेपटी तुटून हातात येते.

हे सगळे जमेल असे वाटले, तरी आणखी एक विचार करा. वीतभर पिल्लू काही वर्षांत पाच फुटांचे होते आणि नीट सांभाळले तर १५ वर्षेही जगते. कंटाळा आला म्हणून धरणाकाठी सोडून द्यायचे नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात असेच सुटलेले इग्वाना इतके माजले, की बागा आणि कालव्यांचे काठ त्यांनी पोखरले. शिवाय कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद सक्तीची झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यावर ३० दिवसांत 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर ती करावी लागते. कागदपत्रांविना कोणी विकत असेल, तर घेऊ नये हेच बरे.

शिक्षकबंधूंना एक खास विनंती. इग्वानाची चित्रे पाहून एखादा मुलगा पावसाळ्यात घोरपडीचे पिल्लू डब्यात घालून शाळेत आणील. त्याला रागावू नका, फरक दाखवा. इग्वानाच्या पाठीवर काट्यांची झालर, गळ्याखाली लोंबती कातडी, कानाखाली एक मोठा गोल खवला. घोरपडीला यांतले काही नाही. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली. मग सांगा, की घोरपड १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे किंवा पाळणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. "हत्ता जोडी" म्हणून जी मुळी बाजारात खपवतात, ती मुळी नव्हेच. घोरपडीला मारून काढलेला तिचा अवयव आहे तो. पिल्लू जिथून आणले तिथेच त्याच मुलाच्या हाताने सोडवा. जखमी असेल, तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

शेतातले उंदीर आणि किडे ही घोरपड पोटापाण्यासाठी रोज वेचते, आणि त्याचे मोल आपल्याकडे मागत नाही. तिला पिंजरा नको, पाला नको, दिवाही नको. बांधावरचे तिचे वारूळ तेवढे आपण मोडले नाही, म्हणजे झाले.