अथेन्सचं संग्रहालय शेवटी

ग्रीसच्या सहलीसाठी गाडी ठरवायची, तर आधी नकाशा टेबलावर पसरावा आणि शेजारी पॉसेनियस उघडून ठेवावा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या या प्रवाशाने ग्रीसचं वर्णन दहा भागांत लिहिलं. दुसऱ्या भागात कॉरिंथ आणि मायसीनी, पाचव्या-सहाव्यात ऑलिंपिया, दहाव्यात डेल्फी. मी त्याचाच क्रम धरला. अथेन्सहून निघून अथेन्सलाच परतणारी गोल वाट आपोआप तयार झाली.

मुक्काम तीनच ठेवले: नाफ्प्लिओ, ऑलिंपिया, डेल्फी. स्पार्टा गाळताना जीव तुटला. पण घाईघाईत पाहिलेल्या सहा जागांपेक्षा निवांत पाहिलेल्या चार कधीही बऱ्या.

कॉरिंथचा कालवा १८९३ साली खुला झाला. सव्वासहा किलोमीटरचा तो उभा चर पुलावरून पाहायचा आणि पुढे निघायचं. खरा वेळ मायसीनीला द्यायचा. सिंहद्वाराच्या शिळा इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या. आत शिरताच उजव्या हाताला थडग्यांचं वर्तुळ लागतं. पॉसेनियसने लिहिलेल्या खुणांवर भिस्त ठेवून १८७६ मध्ये पुरातत्त्वज्ञ श्लीमानने इथे खणलं आणि सोन्याचे मुखवटे निघाले. त्यांतला एक त्याने ट्रॉयच्या युद्धातल्या राजा अ‍ॅगॅमेम्नॉनचा मानला. प्रत्यक्षात तो ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून सुमारे तीनशे वर्षं जुना आहे.

पण मुखवटा इथे नाही, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आखणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते: कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, ते आधी माहीत हवं. ऑलिंपियाचा हर्मीसचा पुतळा आणि झ्यूसच्या देवळावरची शिल्पं तिथल्याच संग्रहालयात आहेत, डेल्फीचा कांस्य सारथी डेल्फीतच. म्हणून या दोन्ही ठिकाणी अवशेष आणि संग्रहालय मिळून अख्खी सकाळ धरावी.

एपिडॉरस नाफ्प्लिओहून जवळ. तिथल्या नाट्यगृहात सर्वांत वरच्या रांगेपर्यंत चढाच. खाली मध्यभागी कुणी खणखणीत बोललं, की वर ऐकू येतं. तिथून ऑलिंपियापर्यंतचा रस्ता मात्र त्रिपोलीनंतर डोंगरांतून वळणं घेत जातो. किलोमीटर मोजून वेळ ठरवू नका. ऑलिंपियाहून डेल्फीला जाताना २००४ साली बांधून झालेल्या रिओ-अँटिरिओ पुलावरून आखात ओलांडायचं. त्याचा टोल चांगलाच आहे, पण किनाऱ्याची पुढची वाट त्याचे पैसे फेडते.

आपल्याकडच्या चालकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा लागतो. हिवाळ्यात बरेच अवशेष दुपारीच बंद होतात. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी दारं उघडतच नाहीत.

अ‍ॅक्रोपोलिस निघण्यापूर्वी पाहून घ्या, पण राष्ट्रीय संग्रहालय परतल्यावरच पाहा. मायसीनीचा उतार पायांखालून गेलेला असला, की काचेमागचं ते सोनं कुठल्या मातीतून आलं हे कुणी सांगावं लागत नाही. त्यासाठी शेवटचा अर्धा दिवस मोकळा ठेवा.