अंगकाठी बघून खेळाडू ठरत नाही

शाळेच्या मैदानावर निवडचाचणी असली की शिट्टी वाजण्याआधीच अर्धी निवड उरकलेली असते. ‘याच्या अंगावर मांस नाही’, ‘ही फारच बुटकी’, ‘ही तर पोरासारखी दिसते’. सातारा-सांगलीत असे शेरे कुणी दुष्टपणाने मारत नाही. बहुतेक वेळा ते काळजीपोटीच येतात. पण त्यांमागचे समज याच दोन जिल्ह्यांतल्या खेळाडूंनी खोटे पाडले आहेत.

गैरसमज : किडकिडीत पोर खेळात टिकत नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. अंगकाठी लहान म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना वार्षिक स्पर्धेत घ्यायला नकार दिला. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी एकामागून एक कुस्त्या मारल्या. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवची गोष्ट तर अजून बोलकी आहे. आईवडील मजूर. जिल्हा परिषद शाळेत तो ८०० मीटर धावायचा आणि सरावातच कोसळायचा. कुणीही म्हणालं असतं, पोरात दम नाही. त्याचे शिक्षक विकास भुजबळ यांना मात्र दिसलं की पोराला पोटभर खायलाच मिळत नाही. त्यांनी आधी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं, मग राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली. तिथे दहा मीटरवरून कडीत चेंडू टाकायच्या चाचणीत त्याचे दहाच्या दहा चेंडू आत गेले आणि धावपटूचा तिरंदाज झाला. पुढे अशक्त शरीराला धनुष्य पेलेना, तेव्हा त्याला प्रबोधिनीतून काढायची वेळ आली होती. भुजबळ सरांनी गळ घातली, एक शेवटची संधी मिळाली आणि ती त्याने साधली. २०१९च्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या गालसान बाझारझापोव्हला त्याने ६-० असं हरवलं.

हडकुळेपणात बहुतेकदा घरातल्या चुलीचा हिशेब असतो. तो पोराच्या कुवतीचा हिशेब समजला, की गरिबाघरचं मूल पहिल्याच रांगेत गळतं. पूर्वग्रह दडलेला असतो तो इथे. शिवाय तेरा-चौदाव्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. आज थोराड दिसणारा मुलगा लवकर वाढलेला असतो, एवढंच.

गैरसमज : वजन उचललं, कुस्ती खेळली की मुलगी पुरुषी होते, उंची खुंटते.

जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, वयाला झेपेल असा व्यायाम केल्याने उंची खुंटत नाही. मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुलांपेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळे ताकद वाढली तरी पुरुषासारखं शरीर होत नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य जिंकलं. त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण काजोल खेलो इंडियात मुलींच्या ४० किलो गटात सुवर्ण घेऊन आली. पानटपरी चालवणाऱ्याच्या घरातली ही दोन्ही मुलं. २०२३ साली सांगलीतच महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. पैलवान मुलीचे केस अनेकदा आखूड असतात, कारण झटापटीत लांब केस अडचण करतात. कान सुजून गाठाळतो, कारण घासून आणि मार लागून कानाच्या कूर्चेजवळ रक्त साकळतं. आपण मात्र त्यावरून तिच्या लग्नाची चिंता करत बसतो. रंगाची काळजीही तशीच. माण तालुक्यातल्या दुष्काळी मोही गावची ललिता बाबर उन्हातान्हात धावत मोठी झाली आणि २०१६ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. रंग रापेल म्हणून तिला घरात बसवलं असतं तर?

गैरसमज : हाताने अधू मुलाने मैदानावर काय करायचं?

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचा हात लहानपणी सायकलवरून पडून अधू झाला. पॅरिस पॅरालिंपिकमध्ये २०२४ साली त्याने गोळा १६.३२ मीटर फेकला आणि रौप्यपदक मिळवलं.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती आहे. पुढच्या निवडचाचणीत आधी पोराला पळू द्या, फेकू द्या, लढू द्या आणि मगच शेरा मारा. धावताना कुणी कोसळलं तर त्याचं नाव खोडण्याआधी विचारा, सकाळी काय खाऊन आलास?