मासा विकला कधी? त्याने घरी पहिला घास खाल्ला तेव्हा!



प्रत्येक बॅचमध्ये मी एक प्रश्न हमखास विचारतो. विक्री पूर्ण कधी होते? उत्तर ठरलेलं असतं: पैसे गल्ल्यात पडले की. माझं दुकान खाऱ्या पाण्यातल्या माशांचं आहे आणि तिथे हे उत्तर चालत नाही. गिऱ्हाइकाच्या टँकमध्ये माशाने पहिला घास खाल्ला की विक्री पूर्ण. मधले आठ दिवस मासाही टांगणीला आणि तुमचं नावही!

आज एकच मासा घेऊ: कॉपरबँड बटरफ्लायफिश. रुपेरी अंग, त्यावर तांबूस पट्टे, लांब चोच. बघताक्षणी गिऱ्हाईक म्हणतं, "हाच द्या." पण नव्या घरी न जेवण्याबद्दल हा मासा प्रसिद्ध आहे. याला जेवायला लावणं जमलं, तर बाकीचे बरेच मासे सोपे जातात.

पिशवीतून टँकमध्ये

खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्याचा खारेपणा एकदम वाढला, की या सगळ्या यंत्रणेवर ताण येतो.

बरीच दुकानं पाणी थोडं कमी खारं ठेवतात. समजा दुकानात रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२० आहे आणि घरी १.०२५. मग मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडायचा नाही. एक छोटा क्वारंटाइन टँक आधीच १.०२० वर तयार ठेवा. बंद पिशवी त्यात १५-२० मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान सारखं होईल. मग मासा आत सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या, टँकमध्ये ओतू नका. खारेपणा पुढच्या तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवा.

लांबून कुरिअरने आलेल्या माशाला पिशवी उघडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी देत बसू नका. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून खारेपणा आधीच जुळवून ठेवायचा आणि मासा पटकन हलवायचा.

पहिला दिवस: त्याला एकटं सोडा

लाइट बंद. टँकच्या तीन बाजूंना कागद. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. चालू टँकमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर. आणि घरातल्या मंडळींना सांगा, काचेवर टकटक नको! पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर घाबरू नका. लपायला जागा आहे हे कळल्यावरच मासा बाहेर येतो.

जेवण कसं सुरू करायचं?

कॉपरबँड समुद्रात खडकांच्या फटींतून बारीक किडे आणि छोटे जीव टिपून खातो. वर तरंगणारा फ्लेक हे त्याच्या लेखी अन्नच नाही. त्यामुळे पायरीपायरीने जायचं.

१. मासळीबाजारातून ताज्या तिसऱ्या आणा. धुऊन एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. एक उघडून शिंपलीसकट टँकच्या तळाशी ठेवा. चोचीने टिपून खायची त्याची सवय इथे कामाला येते.

२. तो टिपायला लागला, की रिकाम्या शिंपलीत फ्रोझन मायसिस भरून द्या.

३. मग थोडं मायसिस शिंपलीत, थोडं पाण्यात सोडा. दिवसातून दोन-तीन वेळा, थोडं थोडं.

उरलेलं खाणं दोन तासांत काढून टाका. छोट्या टँकमध्ये तिसरी लवकर कुजते आणि अमोनिया चढतो. रोज टेस्ट करा, गरज पडली तर थोडं पाणी बदला. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले किंवा श्वास फार जोरात चालला, तर प्रश्न खाण्याचा नाही, आजाराचा आहे. आधी त्यावर इलाज. सगळं ठीक असलं तरी साधारण चार आठवडे मुख्य टँकमध्ये हलवायची घाई नको.

आता धंद्याचं बोलू

माझ्या दुकानात चार नियम आहेत.

पहिला: जो मासा दुकानात जेवत नाही, तो विक्रीला नाही. टँकवर तशी पट्टी लावतो. पाठ किंवा पोट खपाटीला गेलेला मासा होलसेलवाल्याकडून उचलतच नाही.

दुसरा: गिऱ्हाइकासमोर माशाला खायला घालून दाखवायचं.

तिसरा: सोबत चिठ्ठी द्यायची. खारेपणा, तापमान, काय खातो, किती वाजता खातो. आणि त्याच खाण्याची छोटी पुडी.

चौथा: दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप. एकच प्रश्न: "खाल्लं का?"

तुम्ही म्हणाल, सर, यात खर्च किती! चला, हिशोब करू. समजा मासा २,००० रुपयांना पडला आणि दुकानात आठ दिवस सांभाळायला ३०० लागले. चार मासे आणले, एक दगावला. एकूण खर्च ९,२००, विकायला मासे तीन. म्हणजे एक मासा सुमारे ३,०६७ रुपयांना पडला. २,५०० ला विकणारा एकतर हा हिशोब करत नाही, किंवा मासा आल्या दिवशीच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. "समोर २,५०० ला मिळतो" असं कोणी म्हटलं, तर वाद घालू नका. समोर जाऊन एवढंच विचारायला सांगा: "खाऊन दाखवेल का?"

आणि कधीकधी विक्री नाकारा. ज्याचा टँक महिन्यापूर्वीच सुरू झालाय, त्याला कॉपरबँड देऊ नका. त्याला हॅचरीत वाढलेली क्लाऊनफिशची जोडी सुचवा, ती बहुतेक वेळा पेलेट खायला शिकलेलीच असते. गल्ल्यात आज थोडे कमी पडतील. पण ज्याचे मासे जगतात, तो फिल्टर, मीठ, खाणं घ्यायला वर्षानुवर्षं तुमच्याकडे येतो. ज्याचा पहिलाच मासा मरतो, तो टँक ओएलएक्सवर टाकून मोकळा होतो.

आजचं होमवर्क

तुमच्या धंद्यात हा पहिला घास कोणता? शिवलेला ब्लाउज पहिल्यांदा अंगात घातला तो क्षण? मसाल्याची पहिली भाजी? वहीत लिहा. माल दिल्यापासून त्या क्षणापर्यंत गिऱ्हाइकाला कुठे कुठे अडेल, त्याची यादी करा. आणि त्याने फोन करायच्या आधी तुम्ही करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!