पेट्रोलचा वास आणि टाकीवरची नळी

मोटारीचे दार उघडताच पेट्रोलचा वास नाकाशी आला, तर आपण काय करता? बहुधा काचा खाली घेता, दोन मिनिटे थांबता आणि वास विरला की निघता. गेल्या उन्हाळ्यात इंदुरात मीही तेच केले, आणि तेही एकदा नव्हे, तब्बल तीन आठवडे. पंपावर भरताना चार थेंब सांडले असतील, अशी मी मनाची समजूत घालीत होतो. आमच्या सौभाग्यवतींची मात्र तशी समजूत पटेना.

आमची लहान गाडी २००७ सालची. ती अंगणात उभी असते, आणि तिच्यापासून सात-आठ हातांवर तुळशीवृंदावन आहे. एका तिन्हीसांजेला सौभाग्यवती पणती घेऊन अंगणात उतरल्या आणि तशाच माघारी फिरल्या. "अहो, आधी ती गाडी फाटकाबाहेर काढा, मग मी दिवा लावीन," एवढेच त्या म्हणाल्या. मी हसलो. हसावयास नको होते, हे पुढे कळले.

पेट्रोलची वाफ हवेच्या सुमारे तीन-चार पट जड असते. धुराप्रमाणे ती वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उताराकडे वाहते, खोलगट जागी साचते. शिवाय पेट्रोलपासून पेट घेण्याजोगी वाफ निघण्यास उष्णता लागतच नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ती निघत असते. मग वैशाखातील संध्याकाळची काय कथा! हवेत या वाफेचे प्रमाण शेकडा दीडपासून साडेसातपर्यंत झाले, की एक ठिणगी पुरते. आमच्या अंगणाचा उतार तुळशीकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. तेथील कारागिराने खाली वाकून पाहिले, टाकीच्या पत्र्यावरून बोट फिरविले आणि निदान सांगितले, "टाकी गंजली आहे. उतरवून रिकामी करतो आणि डाख मारून देतो." नशिबाने त्या दिवशी त्याला सवड नव्हती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावयास हवे. रिकामी टाकी निर्धोक, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळण्यास पुरेशी हवा मिळत नाही. टाकी ओतून रिकामी केली की बाहेरची हवा आत शिरते आणि नेमके स्फोटक मिश्रण तयार होते. एकदा पाण्याने विसळून भागत नाही, कारण पत्र्याच्या सांध्यांत राहिलेले पेट्रोल पुन्हा वाफ सोडीत राहते. अशा टाकीवर डाखणीची ज्योत किंवा वेल्डिंगची कांडी धरणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. ज्याच्यापाशी टाकी निर्वायू करण्याची साधने व तसे शिक्षण आहे, त्यानेच हे काम करावे; नाही तर नवी टाकी घ्यावी.

आमच्या सुदैवाने टाकी निर्दोष होती. हे ओळखले एका वृद्ध मिस्त्रीने, ज्याला सारा मोहल्ला 'उस्ताद' म्हणतो. त्याने गाडीखाली पाहिलेही नाही. त्याने विचारले, "बाबूजी, टाकी अर्धी असते तेव्हा वास येतो का?" मी आठवून पाहिले. येत नव्हता. काठोकाठ भरल्यावर एक-दोन दिवस येई आणि मग आपोआप जाई. "तर मग भोक खाली नाही, वर आहे," उस्ताद म्हणाला.

हा तर्क समजून घेण्यासारखा आहे. तापमान एक अंशाने वाढले की पेट्रोल हजारात सुमारे एक भाग फुगते. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तेथील पेट्रोल त्यामानाने थंड. ते गाडीत भरले आणि गाडी उन्हात वीस अंशांनी तापली, तर २८ लिटरांचे अर्ध्या लिटरने अधिक होते. हे जादा पेट्रोल टाकीतून वर चढते आणि भरणीच्या नळीत येते. ती नळी रबराची. तिला चीर गेली असेल, तर गळती तेथूनच. पंपावरचा मुलगा एकदा खटका पडल्यावरही 'राउंड फिगर' करण्यासाठी आणखी भरतो, तेही यासाठीच नको.

आता अडचण अशी, की ही नळी टाकीच्या माथ्यावर असते. टाकी आणि गाडीचा तळ यांच्या फटीत हात जात नाही. नळी शे-दोनशे रुपयांची. पण तिच्यासाठी सारी टाकी उतरवावी लागते.

उस्तादने ज्या क्रमाने काम केले, तो मी बारकाईने पाहिला. आधी चार दिवस त्याने मला पेट्रोल भरू दिले नाही. पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या आतबाहेर भरतो; वीस लिटर अंगावर घेऊन टाकी उतरविणे शहाणपणाचे नव्हे. आदल्या रात्री त्याने गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवले. सकाळी गाडी छपराबाहेर, मोकळ्या हवेत, सपाट जागी आणली. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा दाब नळीत राहतो. म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविले. मग बॅटरीची ऋण तार सोडविली. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर टेकविली; नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली तो कधीच शिरत नाही.

उरलेले पेट्रोल हातपंपाने पत्र्याच्या झाकणबंद डब्यात काढले. तोंडाने नळी ओढण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती सर्वस्वी टाळावी. घोटभर पेट्रोल फुप्फुसात उतरले तर प्राणावर बेतते. कोणी चुकून गिळलेच, तर त्याला ओकारी काढावयास लावू नये, थेट रुग्णालयात न्यावे. डब्याविषयीही कायदा स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. परंतु भांडे धातूचे, घट्ट बुचाचे आणि २५ लिटरांहून मोठे नसलेले हवे. काचेचे असल्यास एका लिटराचेच. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला त्यात स्थान नाही.

मग टाकीखाली फळी व फळीखाली जॅक लावून पट्ट्यांचे बोल्ट सोडविले आणि टाकी चार बोटे खाली घेतली. एकदम पूर्ण नाही, कारण तारा व नळ्या वरच्या बाजूस जोडलेल्याच असतात. प्रत्येकीला खूण करून, मोबाइलवर छायाचित्र घेऊन, त्या एकेक काढल्या. दिवा विजेरीचा. उस्तादचा हाताखालचा मुलगा विडी ओढतो. त्याला त्या सकाळी चहा आणावयास पिटाळले होते.

नळी हाती आली तेव्हा वरून धडधाकट दिसत होती. उस्तादने ती वाकविली, तशी क्लिपेखाली बोटभर चीर उघडली. आतला भाग चिकट, फुगलेला. हे वयाने झाले की इंधनाने, हे सांगणे कठीण. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे शेकडा वीस इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर व प्लास्टिक त्यास साजेसे केलेले असते. त्यापूर्वीच्या, विशेषतः फार जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना इथेनॉल मानवत नाही. आपली गाडी जुनी असेल तर नळ्या एकदा तपासून घ्याव्यात. नवी नळी घेताना ती इंधनासाठीच बनविलेली आणि इथेनॉल सोसणारी असल्याची खात्री करावी. बागेतील वा रेडिएटरची नळी मापाला बसली तरी काही महिन्यांत फुगून मऊ पडते.

टाकी खाली आलीच होती, म्हणून हवेची बारीक नळी, इतर जोड-नळ्या आणि साऱ्या क्लिपाही बदलून घेतल्या. मजुरी उतरविण्याची, ती दोनदा कोण देणार? क्लिप आवळताना उस्तादने हात आखडता ठेवला. अति आवळलेली क्लिपच रबर कापते, असे त्याचे म्हणणे, आणि जुन्या नळीची चीर नेमकी तेथेच होती.

आधी पाच लिटर घालून पाहिले. मग पंपावर जाऊन पहिल्या खटक्यापर्यंत टाकी भरली, गाडी दिवसभर उन्हात ठेवली आणि खाली जुने वर्तमानपत्र अंथरले. तिन्हीसांजेला सौभाग्यवतींनी स्वतः वाकून ते उचलले, उलटसुलट करून पाहिले, हुंगले. कागद कोरडा होता. तरीही पणती लावण्यापूर्वी त्यांनी मला गाडी फाटकाबाहेर काढावयास लावली, आणि मी या वेळी हसलो नाही.