कोअर नेटवर्कमधली हजेरी

५जी मोबाइल नेटवर्कचा गाभा, म्हणजेच कोअर, कामे वाटून घेतलेल्या सॉफ्टवेअर-घटकांचा बनलेला असतो. फोनला नेटवर्कवर घेणे आणि तो फिरेल तसा त्याचा माग ठेवणे हे एएमएफचे काम. इंटरनेटचे सत्र उभे करणे एसएमएफचे, सिम खरे की खोटे हे तपासणे एयूएसएफचे, ग्राहकाची माहिती सांभाळणे यूडीएमचे. या घटकांना नेटवर्क फंक्शन म्हणतात. मोठ्या कंपनीकडे एकाच फंक्शनच्या अनेक प्रती एका वेळी चालतात; गर्दी वाढली की नव्या सुरू होतात, ओसरली की बंद होतात. अशा वेळी कोणती प्रत कोणत्या पत्त्यावर आहे आणि ती हवे ते काम करू शकते का, हे बाकीच्यांना कळायचे कसे? त्यासाठी थ्रीजीपीपी या मानके ठरवणाऱ्या संघटनेने रिलीज १५ मध्ये नेटवर्क रिपॉझिटरी फंक्शन, म्हणजेच एनआरएफ, आणले.

आधीच्या पिढ्यांत ही माहिती बरीचशी हाताने भरलेली असे. ४जीमध्ये एमएमई हा घटक पुढचा गेटवे शोधण्यासाठी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतो, तर ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एचएसएसपर्यंतची वाट डायमीटर प्रोटोकॉलच्या मार्ग-तक्त्यांत लिहिलेली असते. डीएनएस पत्ता देते, पण त्या पत्त्यावरचा घटक या क्षणी चालू आहे का, त्याच्यावर भार किती, हे ते सांगत नाही. ५जी कोअरने टेलिकॉमची ही जुनी वहिवाट सोडून वेबची उचलली: फंक्शने एकमेकांशी एचटीटीपी-२ वर, जेसन स्वरूपात बोलतात. मात्र फोनवर ५जीचे चिन्ह दिसले म्हणून मागे असा कोअर असेलच असे नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचे उद्घाटन झाले, तेव्हा जिओने स्टँडअलोन पद्धत निवडली होती. एअरटेलची सुरुवात नॉन-स्टँडअलोन होती. या दुसऱ्या पद्धतीत रेडिओ ५जीचा असला तरी कोअर ४जीचाच राहतो, आणि त्यात एनआरएफला जागा नसते.

नवी प्रत सुरू झाली की ती आधी एनआरएफकडे नाव नोंदवते. एनआरएफचा पत्ता तिला आधीच दिलेला असतो. शोधून देणाऱ्यालाच शोधण्याचा पेच एवढ्यावर मिटतो. नोंदणीच्या संदेशात तिचे प्रोफाइल असते: एकमेव ओळख-क्रमांक, प्रकार, पत्ते, ती देत असलेल्या सेवा, ती ज्यासाठी चालते ती नेटवर्क स्लाइस, म्हणजे विशिष्ट वापरासाठी वेगळा काढलेला नेटवर्कचा आभासी हिस्सा, आणि तो भौगोलिक भाग. शिवाय प्राधान्याचा आकडा असतो, जितका लहान तितका मान मोठा. आणि इतरांच्या तुलनेतली क्षमताही.

नोंद झाल्यावर एनआरएफ उत्तरात एक कालावधी कळवते. तेवढ्या अंतराने त्या प्रतीने 'मी चालू आहे' असा छोटा संदेश पाठवत राहायचे. याला हार्टबीट म्हणतात. सोबत ताजा भारही कळवता येतो, ० ते १०० या मापात. संदेश ठरल्या मुदतीत आले नाहीत तर एनआरएफ ती नोंद निलंबित करते, आणि पुढच्या शोधात ती प्रत कोणाला सुचवली जात नाही. साऱ्या व्यवस्थेचे मर्म इथे आहे. नोंदवहीतले नाव एकदा लिहिले म्हणून टिकत नाही, शाळेतल्या हजेरीसारखे ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. उलट एनआरएफकडूनच नोंद हरवली, तर हार्टबीटला '४०४' हे उत्तर येते आणि ती प्रत नव्याने नोंदणी करते.

शोधाची पद्धतही प्रश्नोत्तरांचीच. ग्राहकाने इंटरनेट सुरू केले की एएमएफ विचारते: या स्लाइससाठी, या डेटा नेटवर्कसाठी, या भागात चालणारी एसएमएफ कोणती? एनआरएफ जुळणाऱ्या प्रतींची यादी पाठवते. त्यातली एक निवडणे विचारणाऱ्याच्या हाती राहते. प्राधान्य, क्षमता आणि भार तिथे कामी येतात.

सिमच्या पडताळणीत थोडी गुंतागुंत आहे. ५जीमध्ये ग्राहकाची कायम ओळख हवेतून सांकेतिक रूपात जाऊ शकते, आणि तेव्हा एएमएफला सुरुवातीला नेमका ग्राहक कोण ते ठाऊक नसते. मग लाखो नोंदी वाटून घेतलेल्या घटकांपैकी त्याचा कोणता? यासाठी सांकेतिक ओळखीसोबत राउटिंग इंडिकेटर हा जास्तीत जास्त चार आकडी क्रमांक उघडा पाठवला जातो. त्यावरून योग्य एयूएसएफ आणि यूडीएम सापडतात, आणि ग्राहकाचे नाव झाकलेलेच राहते.

प्रत्येक वेळी एनआरएफला विचारावे लागत नाही. यादीसोबत तिची वैधता येते आणि तोवर ती जवळ साठवून वापरता येते. मधल्या काळात काही बदलले तर कळवण्याची सोयही आहे: एखाद्या प्रकारच्या प्रतींबद्दलच्या सूचनांसाठी नाव दिले की नवी नोंदणी, नोंद रद्द होणे किंवा प्रोफाइलमधला बदल एनआरएफ स्वतःहून सांगते. एनआरएफ काही काळ बंद पडली तरी चालू सत्रे सहसा त्यामुळे तुटत नाहीत, कारण ग्राहकाचा डेटा तिच्यातून जातच नाही. अडते ते नव्या शोधाचे. म्हणून तिच्याही जोडीला दुसरी प्रत ठेवण्याचा शहाणपणा कंपन्या दाखवतात.

पत्ता मिळाला म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. सेवा मागण्याआधी टोकन घ्यावे लागते आणि ओऑथ २.० पद्धतीने ते एनआरएफच देते. कोणी, कोणाकडून, कोणती सेवा, केव्हापर्यंत घ्यायची हे त्यात सहीनिशी लिहिलेले असते. सेवा देणारे फंक्शन ती सही तपासते.

परदेशी नेटवर्कवर रोमिंग करताना तिथली एनआरएफ मूळ कंपनीच्या एनआरएफला विचारते, आणि हा संवाद दोन्हीकडच्या एसईपीपी या सुरक्षा-दारांतून जातो. रिलीज १६ पासून एससीपी हा मध्यस्थही आला. फंक्शनने फक्त गरज सांगायची, शोध आणि निवड एससीपीने करायची, असेही आता चालते. टॉवरवरचे बेस स्टेशन मात्र या नोंदवहीच्या बाहेर आहे. त्याला एएमएफचा पत्ता आजही कॉन्फिगरेशनमधून किंवा डीएनएसमधूनच मिळतो.