गुडघेदुखीची ‘भारी’ गोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागभीड हा चंद्रपूर जिल्ह्यातील धानाच्या पट्ट्यातला तालुका असून, एचएमटी हे तांदळाचे वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे याच तालुक्यातील नांदेड गावचे. वाण कोणतेही असो, पऱ्हे उपटून बांधीत रोवण्याचे काम चिखलात वाकून करावे लागते. आणि गुडघे सतत वाकवण्याची, उकिडवे बसण्याची व ओझी वाहण्याची कामे वर्षानुवर्षे करणाऱ्यांत गुडघ्याच्या झिजेचा संधिवात, ज्याला वैद्यक ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते, अधिक आढळतो. अशा गुडघ्यासाठी मेडिकलमध्ये ‘भारी’ गोळी मागितली जाते, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका विशेषणात आहे.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब ही सर्व एकाच कुळातील, म्हणजे स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधे आहेत. सांध्यात दाह व वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ज्या विकरामुळे तयार होतात, ते कॉक्स हे विकर ती रोखतात. मात्र जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा हीदेखील प्रोस्टाग्लँडिनचीच कामे असल्याने गुण आणि अपाय एकाच क्रियेतून येतात. यांतील ‘भारी’ कोणते, याचे उत्तर शोधणारे, १९२ चाचण्या व १,०२,८२९ रुग्णांचा समावेश असलेले विश्लेषण ‘बीएमजे’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाले. गुडघा व खुबा यांच्या दुखण्यात रोज ६० मिलिग्रॅम एटोरिकॉक्सिब आणि रोज १५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक ही तोंडी औषधे सर्वांत प्रभावी ठरली, तर सौम्य व म्हणून पहिली मानली जाणारी पॅरासिटामॉल या दुखण्यात फारशी उपयोगी पडत नाही असे दिसले. तेवढ्यावरून पहिल्या दोहोंना सर्वोत्तम म्हणणे मात्र अर्धवट वाचन होईल.

कारण गुणाचे पारडे पाहिल्यावर अपायाचेही पाहावे लागते. २०१३ साली ‘लॅन्सेट’मधील मोठ्या विश्लेषणात असे आढळले की, अधिक मात्रेतील डायक्लोफेनॅक किंवा सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब यांसारखे कॉक्सिब गटातील औषध वर्षभर घेणाऱ्या दर एक हजार रुग्णांमागे हृदयविकार वा पक्षाघातासारख्या गंभीर घटना सुमारे तीनने वाढतात, नेप्रोक्सेनने तशी वाढ दिसली नाही, पण जठर व आतड्यातील रक्तस्रावासारखे अपाय त्याने व आयब्युप्रोफेनने अधिक होतात. याच कुळातील रोफेकॉक्सिब हृदयावरील परिणामांमुळे २००४ साली बाजारातून मागे घेण्यात आले होते. म्हणजे हृदयविकाराच्या रुग्णासाठी एक निवड, तर जठरव्रणाच्या रुग्णासाठी दुसरी. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल हा हिशेब इथे चुकतो.

‘गोळी गरम पडते, म्हणून सुई बरी’ ही समजूत तर मुळातच चुकीची आहे. जठराला होणारी इजा केवळ गोळीच्या स्पर्शाने होत नाही. औषध रक्तातून पोचून अस्तराचे संरक्षण कमी करते, त्यामुळे सुईनेही तो धोका टळत नाही. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी होऊ शकते, पण व्रणाची शक्यता मिटत नाही. पँटोप्राझोलसारखे आम्लरोधक जठराचे रक्षण करते, परंतु हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे करीत नाही.

मूत्रपिंडाचा मुद्दा या प्रदेशात विशेष गंभीर आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात येतो, आणि घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंड रक्तपुरवठ्यासाठी प्रोस्टाग्लँडिनवरच अवलंबून असते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो आणि तो आजार स्वतःच मूत्रपिंड दुबळे करतो, म्हणून अशा रुग्णाने ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीविना घेऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशभर त्यांची संख्या कोसळली, म्हणून २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, इतकाच काय तो दिलासा.

आणखी एक घोटाळा नावांचा आहे. एसिक्लोफेनॅक ही निराळी, सौम्य गोळी समजून डायक्लोफेनॅकसोबत घेतली जाते. प्रत्यक्षात दोन्ही रसायने जवळची असून एसिक्लोफेनॅकचा काही भाग शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होतो. अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्याने गुण फारसा वाढत नाही, अपाय मात्र वाढतो.

सर्वांत उपेक्षित उपाय म्हणजे लावण्याचे डायक्लोफेनॅक जेल. गुडघा त्वचेलगतचा सांधा असल्याने औषध तिथे पोचते, तर रक्तात गोळीच्या मानाने फार थोडे, सुमारे सहा टक्केच, उतरते. ‘बीएमजे’च्या विश्लेषणात ते परिणामकारक आणि अधिक सुरक्षित ठरल्याने गुडघ्यासाठी पहिला उपाय म्हणून सुचवले गेले. ‘जेलने काही होत नाही’ ही तक्रार बहुधा अपुऱ्या मात्रेमुळे येते. एका गुडघ्याला एका वेळी चार ग्रॅमपर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा जेल लावणे अपेक्षित असते, म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब दोन-तीन दिवसांतच संपते; वाटाण्याएवढे चोळून महिनाभर पुरवलेल्या ट्यूबवरून औषधाचा निकाल लावणे योग्य नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि जास्त असलेले वजन कमी करणे यांची जागा जेल घेत नाही, गोळीही घेत नाही. झीज थांबवणारी वेदनाशामक गोळी अद्याप कुठेही उपलब्ध नाही. रुग्णालयात जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, रक्तदाबाची आणि गावच्या मेडिकलमधून आणलेलीही, सोबत न्यावीत.