अधिकार सोडण्याचे वय

मुलाच्या हाती व्यवहार सोपविला असे चारचौघांत सांगावयाचे आणि तिजोरीची किल्ली मात्र जानव्यास बांधून ठेवावयाची, असे वडीलधारे आपल्या घरोघरी आढळतात. वानप्रस्थाश्रमाची थोरवी सारेच गातात. आचरणात तो आणणारा विरळा. राजकारणात तर असा पुरुष शोधूनच काढावा लागतो. म्हणून कै. नानाजी देशमुख यांच्या उत्तरायुष्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी १९१६ साली जन्मलेला हा महाराष्ट्रीय पुरुष संघकार्यानिमित्त उत्तर प्रदेशात गेला आणि तेथे भारतीय जनसंघाचा आधारस्तंभ झाला. १९६७ साली त्या प्रांतात काँग्रेसेतर मंत्रिमंडळ आले, त्यात त्यांच्या संघटनकौशल्याचा वाटा मोठा होता. १९७४ साली पाटण्यास जयप्रकाशजींवर लाठ्या पडू लागल्या, तेव्हा नानाजी आड आले आणि ते प्रहार त्यांनी आपल्या अंगावर झेलले. १९७७ साली बलरामपूरहून ते लोकसभेवर निवडून आले. मोरारजीभाईंनी मंत्रिपद देऊ केले; ते त्यांनी स्वीकारले नाही. पुढल्याच वर्षी, साठी उलटलेल्यांनी सत्तेच्या राजकारणातून दूर व्हावे असे जाहीरपणे सांगून ते स्वतः प्रथम दूर झाले.

पराभवाने खचून केलेला त्याग निराळा आणि पक्ष सत्तेवर असता केलेला निराळा. तथापि नानाजींची खरी थोरवी सोडण्यात नसून सोडल्यानंतर जे हाती धरले त्यात आहे. गोंडा जिल्ह्यात त्यांनी जयप्रकाश व प्रभावती या दांपत्याच्या नावे जयप्रभाग्राम वसविले. गरीब शेतकऱ्यास लोखंडी नळी परवडत नसे, तेथे बांबूच्या नळ्यांच्या विहिरी खोदविल्या. पुढे चित्रकूट ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे १९९१ साली ग्रामोदय विश्वविद्यालय स्थापन झाले व नानाजी त्याचे पहिले कुलपती झाले. सुशिक्षित पतिपत्नींनी खेड्यात राहून शिक्षण, शेती व आरोग्य यांत ग्रामस्थांस साहाय्य करावे, ही त्यांची ‘समाजशिल्पी दंपती’ योजना. स्वतः अविवाहित राहिलेल्या या पुरुषाने समाजोद्धाराचे काम गृहस्थाश्रमावर सोपविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९९९ साली ते पुन्हा संसदेत गेलेच ना, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत बसणे वेगळे आणि पक्षाची सूत्रे पुन्हा हाती घेणे वेगळे. ती त्यांनी घेतली नाहीत.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे त्यांचा देहान्त झाला. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे शरीर वैद्यकीय अभ्यासासाठी दिल्लीस देण्यात आले. अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा मी वर्गात कित्येक वर्षे शिकविली. तिचा अर्थ त्या दिवशी अधिक कळला. २०१९ साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ अर्पण झाले.

आपणां सामान्यांस कोणी मंत्रिपद देऊ करणार नाही. किल्ली मात्र प्रत्येकाजवळ आहे. ती सुनामुलांच्या हाती देऊन ओटीवर रुसून बसणे म्हणजे वानप्रस्थ नव्हे. शेजारच्या मुलास गणित शिकवावे, गावच्या वाचनालयाची पुस्तके लावून द्यावी. हातपाय चालतात तोवर किल्ली द्यावी. थकल्यावर दिली तर ते दान नव्हे, निरुपाय होय.